चौकटी भरा आणि गप्प बसा

दहावीचा भूमितीचा पेपर हा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या बुद्धीचा दरवर्षी होणारा जाहीर अपमान आहे. हे रागाने म्हणतो आहे आणि विचार करूनही म्हणतो आहे. राग आणि विचार एका माणसात एकत्र नांदू शकतात. मंडळाच्या पेपरात भूमिती आणि विचार मात्र एकत्र नांदत नाहीत.

पेपर हातात घ्या. ४० गुण, दोन तास. पहिला प्रश्न ८ गुणांचा: ४ गुण पर्याय निवडायचे, ४ गुण एकेका गुणाच्या लहान उदाहरणांचे. पुढे दुसऱ्या प्रश्नात ४ आणि तिसऱ्यात ३ गुणांची ‘कृती’. ही कृती काय असते? सिद्धता आधीच छापलेली. पायऱ्या त्यांनीच क्रमाने लावलेल्या. अधूनमधून एक रिकामी चौकट. तिच्यात मुलाने एखादा कोन, एखादी बाजू किंवा एखादं कारण भरायचं. अर्धं उत्तर वरच्या ओळीत दिसत असतं, उरलेलं खालच्या. छापील लग्नपत्रिकेत वधू-वरांची नावं भरणाऱ्याला आपण कवी म्हणत नाही. मग छापील सिद्धतेत कोनाचं नाव भरणाऱ्याला सिद्धता येते, असं प्रमाणपत्र कोणत्या तोंडाने देतो?

आता बेरीज करू. बेरजेला कोणाची परवानगी लागत नाही. ८ आणि ७, झाले १५. अंतर्गत मूल्यमापनाचे २०. ते कसे वाटले जातात हे तुम्हीही जाणता आणि मीही. झाले ३५. बीजगणितात भोपळा मिळाला तरी ३५! म्हणजे १०० पैकी ३५ चा उंबरठा, निदान कागदावर, एकही पूर्ण सिद्धता स्वतः न लिहिता ओलांडता येतो. चौथ्या प्रश्नात खरोखर डोकं चालवायला लावणारी उदाहरणं असतात, पाचव्यात ३ गुणांचं एक आव्हान असतं, हे मान्य. पण त्यांच्याविषयी वर्गात मिळणारा पहिला सल्ला काय असतो? ‘ते सोडून द्या.’ नागभीडला तोच, सिंदेवाहीला तोच, कोरची-एटापल्लीला तर आधी तोच.

आणि हे कोणत्या पुस्तकानंतर? नववीच्या गणित भाग दोनच्या पहिल्याच प्रकरणात युक्लिडची गृहीतकं आहेत, ‘जर-तर’ची सशर्त विधानं आहेत, व्यत्यास आहे, पक्ष-साध्य-सिद्धता आहे. दुसरं प्रकरण समांतर रेषांचं: छेदिका, संगत कोन, व्युत्क्रम कोन, आंतरकोन. पुस्तक मुलाला विचार करायला बोलावतं आणि परीक्षा त्याला दारातच अडवून म्हणते, विचार नको, चौकट भर. एकाच राज्याच्या दोन यंत्रणा, एकाच मुलाला, एकाच विषयात, दोन उलट आज्ञा देतात. आणि याला शिक्षणव्यवस्था म्हणायचं!

सिद्धता म्हणजे काय, हे एका परिच्छेदात सांगता येतं. दोन सरळ रेषा एकमेकींना छेदतात, चार कोन होतात. समोरासमोरचे कोन सारखे. काहून? सर म्हणतात म्हणून नव्हे. पहिला कोन आणि त्याच्या शेजारचा मिळून रेषीय जोडी होते: १८० अंश. तोच शेजारी पलीकडच्या कोनाशीही रेषीय जोडी करतो: पुन्हा १८०. दोन्ही बेरजांतून शेजारी काढून टाका. जे उरलं ते सारखंच असणार. संपलं. मंत्रालयातून परिपत्रक काढूनही त्यात एका अंशाचा फरक करता येणार नाही.

दहा वर्षांच्या शाळेत ही एकच जागा अशी आहे जिथे मोठ्या माणसाचा शब्द पुरावा म्हणून चालत नाही. इतिहासाची सनावळी पुस्तक सांगतं, ऱ्हस्व-दीर्घाचे नियम कुठली तरी समिती ठरवते, विज्ञानाचा प्रयोग बहुतेक ठिकाणी फळ्यावरच होतो आणि त्याचं निरीक्षणही सरच सांगतात. भूमितीत मूल स्वतः तपासू शकतं. फळ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला ‘तुमची तिसरी पायरी दुसरीतून निघत नाही’ असं म्हणू शकतं, आणि ते बरोबर असेल तर त्या माणसाला हरावं लागतं. लोकशाहीचं याहून स्वस्त प्रशिक्षण जगात कुठेही मिळत नाही. वही, पेन्सिल आणि ‘काहून जी?’ हा प्रश्न एवढंच साहित्य लागतं. झाडीपट्टीतलं पोर हा प्रश्न जिभेवर घेऊनच शाळेत येतं. नववीपर्यंत आपण तो उपटून टाकतो, आणि मग पेपरात ‘कारण’ नावाची रिकामी चौकट छापतो.

मोजण्याची गोष्ट घ्या. वर्गात सगळ्यांना एकेक त्रिकोण काढायला सांगा आणि कोनमापकाने तीन कोन मोजायला लावा. कोणाची बेरीज १७९ येईल, कोणाची १८१. मग खोटा कोणाचा त्रिकोण? कोणाचाच नाही, चूक पेन्सिलीच्या जाडीची आणि हाताची. आता शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा. व्युत्क्रम कोनांच्या दोन जोड्या सापडतात आणि त्रिकोणाचे तिन्ही कोन एका सरळ रेषेवर येऊन बसतात. यात प्रतलावरचा प्रत्येक त्रिकोण आला, अजून कोणी न काढलेलाही आला. व्युत्क्रम कोन सारखे काहून? असं विचारत मागे मागे गेलात की इसवी सनापूर्वी सुमारे ३०० मध्ये युक्लिडने लिहिलेल्या पाचव्या गृहीतकापाशी पोचता. तिथे तो प्रामाणिकपणे सांगतो की हे मी गृहीत धरतो. लोकांना ते पचलं नाही. दोन हजार वर्षं मोठमोठी डोकी त्याच्याशी झगडली, आणि एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोयाई यांनी ते गृहीतक नाकारूनही सुसंगत भूमिती उभी करून दाखवली. ‘हे मी का मानू?’ या उद्धट प्रश्नातून गणिताचं एक नवं जग निघालं. आपल्या वर्गात हाच प्रश्न विचारणाऱ्याला बाकावर उभं करतात.

खोटं वाटतं? एका शाळेत मी एका मुलीची वही पाहिली आहे. समद्विभुज त्रिकोणाच्या पायाचे कोन एकरूप असतात, हे तिने शिरोकोनाचा दुभाजक न काढताच सिद्ध केलं होतं. त्रिकोणाची तुलना तिने त्याच त्रिकोणाच्या उलट्या रूपाशी केली: डावी बाजू उजवीएवढी, उजवी डावीएवढी, मधला कोन स्वतःएवढा, बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी लागली, कोन एकरूप. चार ओळी! तिला शून्य मिळालं होतं. शेरा असा: ‘पुस्तकात अशी नाही.’ अलेक्झांड्रियाच्या पॅपसने चौथ्या शतकात नेमकी हीच सिद्धता दिली होती. शून्य देणाऱ्याला पॅपस माहीत नसेल, हा काही गुन्हा नाही. चार ओळी वाचून त्या बरोबर आहेत की नाही हे त्याने ठरवलं नाही, हा गुन्हा आहे. गणिताच्या शिक्षकाने दुसरं काय ठरवायचं असतं?

आता विद्वान येतात. पहिले मूल्यमापनवाले. ते म्हणतात, चौकटींमुळे मुलाला आधार मिळतो, पेपर विद्यार्थिस्नेही होतो. शिकताना आधार द्या ना! जूनमध्ये पाच चौकटी द्या, दिवाळीनंतर दोन, जानेवारीत एकही नको. याला शिकवणं म्हणतात. ज्या दिवशी मूल स्वतःच्या पायावर उभं राहतं की नाही हे पाहायचं, त्याच दिवशी त्याच्या दोन्ही काखा धरून ठेवायच्या आणि ‘चालला, चालला’ म्हणून टाळ्या वाजवायच्या, यात मुलाशी स्नेह कुठे आहे? स्नेह निकालाच्या टक्केवारीशी आहे.

दुसरे कनवाळू. हे अधिक घातक. त्यांची भाषा मऊ असते. जंगलातल्या मुलांना हे व्युत्क्रम कोन कशाला, त्यांच्या घरी गोंडी, माडिया. त्यांना कौशल्यं द्या, हाताला काम द्या. २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात गणित आणि विज्ञानात २० गुणांवरही पुढे जाऊ देण्याची कल्पना आली: शेरा मारायचा आणि पुढे पाठवायचं. त्या शेऱ्यानंतर त्या मुलाला गणित-विज्ञानाची वाट बंद! नीट न शिकवण्याचा अपराध यंत्रणेचा आणि त्याचा शिक्का मुलाच्या गुणपत्रिकेवर. आणि या मुलांना तर्क जड जातो हे कोणी ठरवलं? झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर बसणारा प्रेक्षक खलनायकाची दुसऱ्या अंकातली थाप चौथ्या अंकात पकडतो. तेंदूच्या फळीवर पुडे मोजून देणाऱ्या बाईला मुन्शीची बेरीज कुठे घसरली ते बोटावर सांगता येतं. तर्क तिच्याकडे आहे. तो कागदावर कसा मांडायचा, समोरच्या खुर्चीला बांधून टाकेल असा कसा लिहायचा, एवढंच शाळेने शिकवायचं होतं. तेवढंच शिकवलं नाही.

आणि कनवाळूंना उत्तर द्यायला मला युक्लिडपर्यंत जावंच लागत नाही. गडचिरोलीपासून धानोऱ्याच्या रस्त्याने मेंढा (लेखा) या गावापर्यंत गेलं तरी पुरतं.

१९२७ च्या भारतीय वन कायद्याने झाडाच्या व्याख्येत बांबू घातला. वनस्पतिशास्त्रात बांबू गवताच्या कुळातला. म्हणजे इंग्रज सरकारने कायद्याने गवताचं झाड केलं आणि स्वतंत्र भारताच्या वनखात्याने ते झाड दशकानुदशकं जपलं. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याच्या व्याख्येत गौण वनोपजात बांबू हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे, आणि गौण वनोपजाची मालकी, ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क वननिवासींना दिलेला आहे. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या पहिल्या काही गावांत ते होतं. गावाने बांबू विकायला काढला, आणि खातं आडवं आलं: वाहतूक परवाना आम्हीच देणार.

मेंढ्याने काय केलं? घोषणा दिल्या, त्या द्यायच्याच असतात. पण त्याआधी आणि त्यानंतर त्यांनी अभ्यास केला. या गावात अभ्यासगटाची रीत वनहक्क कायद्याच्या कितीतरी आधीची. गावचे देवाजी तोफा, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी कायद्याचं कलम समोर ठेवून बसत, शंका काढत, सगळ्यांना पटेपर्यंत उठत नसत. पक्ष एक: बांबू हे गौण वनोपज. पक्ष दोन: गौण वनोपजाची मालकी आणि विक्रीचा हक्क हक्कधारक ग्रामसभेचा. साध्य: बांबू ग्रामसभेचा, आणि तो विकायचा तर वाहतुकीचा परवानाही तिचाच, कारण जे जंगलाबाहेर नेता येत नाही ते विकता येत नाही. पायरीला पायरी लागून होती. खात्याकडे अधिकार होते, गणवेश होता, शिक्के होते. पक्षातून साध्याकडे जाणारी वाट अडवणारी एक पायरी नव्हती. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. गोंड गावाने राज्यसंस्थेसमोर एक प्रमेय सिद्ध केलं आणि ते स्वीकारलं गेलं. सांगा आता, या लोकांच्या मुलांना सिद्धता कशाला?

खरं तर चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या मुलाला तिची गरज पुण्याच्या मुलाहून जास्त आहे. पुण्याच्या मुलाचा बाप वकील करील. इथल्या मुलाला तहसीलच्या टेबलासमोर स्वतःच उभं राहायचं आहे, आणि त्या टेबलावर भूमितीतल्या सगळ्या चुका रोज घडतात.

व्यत्यास पाहा. चौकोन आयत असेल तर त्याचे कर्ण एकरूप असतात. पण कर्ण एकरूप असले म्हणजे चौकोन आयतच असतो असं नाही, समद्विभुज समलंब चौकोनाचेही असतात. विधान खरं म्हणून व्यत्यास खरा ठरत नाही. नववीतलं मूल हे पाठ म्हणून दाखवतं. आता हे वाक्य घ्या: नक्षलवादी जंगलात राहतो. त्याचा व्यत्यास करून, जंगलात राहतो म्हणून संशयित, असा हिशेब या भागातल्या किती निरपराध माणसांच्या वाट्याला आला आहे! चौकशीच्या खोलीत एक चुकीचा व्यत्यास माणसाचं आयुष्य खातो. वर्गात तो एका गुणाची चौकट असतो.

आवश्यक काय आणि पुरेसं काय, तेही पाहा. दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन दिला की त्रिकोण पक्का होतो: बाकोबा. दोन बाजू आणि भलताच कोन दिला की होत नाही, त्याच मापांचे दोन वेगळे त्रिकोण निघू शकतात. कोणती माहिती पुरते आणि कोणती पुरत नाही, हे ओळखणं म्हणजेच तर्क. वनहक्काच्या दाव्यासाठी नियमांत पुराव्यांची यादी आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही तीत आहे. २०१२ च्या दुरुस्त नियमांत तर स्पष्ट आहे की उपग्रहचित्रं बाकीच्या पुराव्यांना जोड देऊ शकतात, त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. म्हणजे चित्रात शेत दिसत नाही एवढ्यावर दावा फेटाळणारा अधिकारी ‘पूरक’ला ‘अनिवार्य’ समजतो. त्याने चौकट भरली आहे, कलम वाचलेलं नाही. कदाचित तोही आपल्याच पेपरातून पास झालेला असेल.

आणि आकृती! प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो, अशी एक प्रसिद्ध खोटी सिद्धता आहे. एका कोनाचा दुभाजक काढा, समोरच्या बाजूचा लंबदुभाजक काढा, दोघे त्रिकोणाच्या आत मिळतात असं दाखवा. छेदनबिंदूतून उरलेल्या दोन बाजूंवर लंब टाका. पुढे कोकोबा (कोन-कोन-बाजू), मग कर्णभुजा, तुकड्यांची बेरीज, आणि दोन्ही बाजू सारख्या! प्रत्येक पायरी निर्दोष दिसते. खोट फक्त आकृतीत आहे. बाजू असमान असतील तर तो बिंदू आत नसतोच, तो त्रिकोणाबाहेर, परिवर्तुळावर पडतो. दोन लंबांपैकी एक बाजूवर आणि दुसरा वाढवलेल्या बाजूवर येतो. एकीकडे बेरीज होते, दुसरीकडे वजाबाकी. ही फसवी सिद्धता नववीच्या प्रत्येक वर्गात फळ्यावर काढून मुलांना खोट शोधायला लावली पाहिजे. ज्याने ती एकदा शोधली त्याला कार्यालयातला कोणताही नकाशा निमूटपणे गिळता येणार नाही. तो आधी विचारील, ही रेघ इथे कोणी ओढली आणि कशावरून?

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. परीक्षेतल्या चौकटी पुसा. त्या वर्गातच शोभतात. त्या ७ गुणांच्या जागी एक न पाहिलेलं साधं विधान द्या, विरुद्ध कोन आणि समांतर रेषा एवढ्यावर सुटेल असं, आणि ते सिद्ध करा म्हणा. दुसरा प्रश्न असा द्या: ही सिद्धता चुकीची आहे, कोणती पायरी मागच्या पायरीतून निघत नाही ते दाखवा. पुस्तकाबाहेरची बरोबर सिद्धता लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्या आणि तसं परीक्षकांना लेखी कळवा. आश्रमशाळांत माडियात, गोंडीत तोंडी सिद्धता मांडू द्या. कारण आधी आपल्या भाषेत सुचू दे, मग ते मराठीत लिहायला शिकवा. यातल्या एकाही गोष्टीला इमारत लागत नाही, टॅबलेट लागत नाही, निविदा लागत नाही. बहुधा म्हणूनच त्या होत नाहीत.

पहिल्या वर्षी निकाल घसरेल. घसरू द्या. निकाल चांगला दिसावा म्हणून मुलांना मुकं ठेवायचं की ती बोलती व्हावीत म्हणून दोन वर्षं वाईट निकाल सोसायचा, हा निर्णय मंडळात बसलेल्या मोठ्या माणसांचा आहे, आणि आजवर त्यांनी प्रत्येक वेळी पहिला पर्याय निवडला आहे. त्या निवडीचं कारण त्यांनी आता लिहून द्यावं, पायरीपायरीने. प्रत्येक पायरी तपासायला या दोन जिल्ह्यांतली मुलं तयार आहेत.